मेल सर्व्हरचा बॅकअप: घ्यायचा कसा त्याआधी, परत काय आणायचंय?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. भोसरीत सुट्या भागांचा कारखाना, ८० मेलबॉक्स, उबंटूवर पोस्टफिक्स (मेल आणणारं-पाठवणारं सॉफ्टवेअर) आणि डव्हकॉट (मेल साठवून लोकांना दाखवणारं), मेलडिर पद्धतीने साठवलेला साधारण ७०० जीबी मेल, दोन डिस्कचं रेड-१, म्हणजे दोन्हींवर तोच डेटा. रोज रात्री दोन वाजता आरसिंकने (फाइली जुळवून कॉपी करणारं साधन) त्याच खोलीतल्या नॅसवर, म्हणजे नेटवर्कवरच्या डिस्कपेटीवर, प्रत जाते. मालकांनी विचारलं, एवढं पुरेसं आहे का? आणि आता तुमच्या टेबलावर तीन कोटेशनं आहेत: पूर्ण मशीनची इमेज घेणारं सॉफ्टवेअर, शेजारी दुसरा सर्व्हर ठेवून रेप्लिकेशन (प्रत्येक बदल लगेच तिकडेही), किंवा क्लाउड बॅकअप. यातलं कुठलं घ्यावं?

मी वीसेक वर्षं पुणे-नाशिक पट्ट्यातल्या लहानमोठ्या कंपन्यांचे मेल सर्व्हर सांभाळतोय. माझ्या मते ही तीन कोटेशनं एकमेकांना पर्याय नाहीतच. तिन्ही वेगवेगळ्या प्रसंगांसाठी आहेत, आणि तुमच्याकडे वारंवार येणारा प्रसंग यातल्या एकातही नीट बसत नाही. बॅकअप कसा घ्यायचा हे शेवटी ठरतं. कुणी, कधी, काय परत मागणार आहे, हे आधी ठरतं.

त्याच्याही आधी एक गोष्ट तपासा, जी तुमच्या प्रश्नात नाही. मेल खरंच सर्व्हरवर आहे का?

हसू नका. आपल्याकडच्या कारखान्यांत अजून निम्मी माणसं आउटलुकला पॉपवर चालवतात, कारण दहा वर्षांपूर्वी कुणीतरी तसं लावून दिलं. 'सर्व्हरवर प्रत ठेवा' ही खूण काढलेली असते किंवा '१४ दिवसांनी काढून टाका' असं असतं. म्हणजे मेल सर्व्हरवर येतो, पीसीवर उतरतो आणि सर्व्हरवरून जातो. परचेसमधल्या काकांचा २०१५ पासूनचा सगळा पत्रव्यवहार त्यांच्या डी ड्राइव्हवरच्या एका पीएसटी फाइलमध्ये असतो. त्यांनी पाठवलेले मेलही तिथेच, कारण पॉपमध्ये 'सेंट' फोल्डर सर्व्हरवर जातच नाही. तुम्ही सर्व्हरचा कितीही चोख बॅकअप घ्या, काकांची हार्डडिस्क गेली की तुमच्या हातात काही नाही.

तपासायला सोपं आहे. डव्हकॉटच्या लॉगमध्ये पॉपचं प्रत्येक सेशन संपताना एक ओळ पडते. तिच्यात किती मेल उतरवले आणि 'डेल' या शब्दापुढे किती मेल सर्व्हरवरून काढले, याचे आकडे असतात. आठवड्याचा लॉग चाळा आणि ज्यांच्या नावापुढे 'डेल' शून्य नाही त्यांची यादी काढा. ती यादी हेच तुमचं पहिलं काम. त्यांना आयमॅपवर आणा, म्हणजे मेल सर्व्हरवरच राहतील, आणि जुनी पीएसटी हळूहळू सर्व्हरवर चढवा. तसं करता येत नसेल तर निदान त्या पीसींचा बॅकअप वेगळा धरा. आउटलुक उघडं असताना पीएसटी कुलूपबंद असते, साध्या कॉपीने नीट प्रत निघत नाही, हेही ध्यानात ठेवा. आणि हे सगळं सर्व्हरवर आलं की तुमचे ७०० जीबी ७०० राहणार नाहीत. त्यामुळे कोटेशनवर सही करण्याआधी हा आकडा हातात हवा.

आता परत मागण्याचे प्रसंग. सगळ्यात जास्त वेळा येणारा प्रसंग अगदी किरकोळ असतो. कुणीतरी फोल्डर उडवतं. सेल्समधली मुलगी सोमवारी साफसफाई करताना एका ग्राहकाचा फोल्डर काढते आणि शुक्रवारी ऑडिटरने पीओ (खरेदीची ऑर्डर) मागितला की तिला आठवतं. तुमचा आरसिंक जर 'डिलीट' (मूळ जागी नसलेलं प्रतीतूनही काढणाऱ्या) पर्यायासकट चालत असेल, तर सोमवारी रात्रीच नॅसवरूनही तो फोल्डर गेलेला असतो. तुमच्याकडे कालच्या चुकीची हुबेहूब प्रत आहे, एवढंच.

मग 'डिलीट' काढून टाकावं का? तिथे मेलडिरचा स्वभाव आडवा येतो. मेलडिरमध्ये प्रत्येक मेलची एक स्वतंत्र फाइल असते. नाव म्हणजे आकड्यांची लांब माळ, आणि शेवटी अपूर्णविराम, दोनचा आकडा, स्वल्पविराम आणि मग अक्षरं. वाचला असेल तर एस, उत्तर दिलं असेल तर आर, खूण केली असेल तर एफ. म्हणजे मेल नुसता वाचला तरी फाइलचं नाव बदलतं. आरसिंकच्या दृष्टीने जुनी फाइल गेली आणि नवी आली. 'डिलीट' नसेल तर नॅसवर एकच मेल न वाचलेला, वाचलेला, उत्तर दिलेला असा तीनदा साठतो. परत आणायची वेळ आली की माणसाच्या इनबॉक्समध्ये चाळीस हजारांऐवजी नव्वद हजार मेल दिसतात आणि तो तुम्हाला शिव्या घालतो. एकदा खाल्ल्यात.

यावरचा उपाय म्हणजे इतिहास ठेवणारा बॅकअप. रोजची तारीखवार स्थिती वेगळी दिसली पाहिजे, पण जागा फक्त बदलाएवढीच लागली पाहिजे. जुनी पद्धत हार्डलिंकवाली (न बदललेली फाइल एकदाच साठवून तिला अनेक नावं देणारी), म्हणजे आरसिंकचा लिंक-डेस्ट पर्याय किंवा आरस्नॅपशॉट. ती चालते, पण नाव बदललेली फाइल ती पुन्हा साठवते, आणि लाखो छोट्या फाइलींचे हार्डलिंक सांभाळताना नॅस रडायला लागतो. मी गेली काही वर्षं बोर्ग हे बॅकअपचं साधन वापरतो. रेस्टिकही तितकंच चांगलं. ही साधनं फाइल नावाने ओळखत नाहीत, आतल्या मजकुराचे तुकडे ओळखतात. त्यामुळे नाव बदललं तरी मजकूर पुन्हा साठत नाही. शिवाय एकच २० एमबीचं ड्रॉइंग पंधरा जणांना गेलं असेल, तर त्याचा बराचसा भाग एकदाच साठतो. बोर्गमध्ये कुठल्याही तारखेचा बॅकअप फोल्डरसारखा माउंट करता येतो, म्हणजे जोडून उघडता येतो. आत जायचं, मुलीचा सोमवारआधीचा फोल्डर बघायचा, उचलायचा.

उचलून ठेवताना मात्र थेट तिच्या चालू फोल्डरमध्ये फाइली ओतू नका. डव्हॲडमची (डव्हकॉट सांभाळायचं साधन) इम्पोर्ट आज्ञा वापरा आणि 'परत आणलेले' अशा नव्या फोल्डरमध्ये उतरवा. तिला हवं ते ती उचलेल. कारण असं: प्रत्येक फोल्डरमध्ये डव्हकॉट एक यूआयडी-लिस्ट नावाची फाइल ठेवतो, कुठल्या मेलला कुठला क्रमांक दिला याची. ती गेली किंवा जुनी बसवली की क्रमांक बदलतात आणि मेल क्लायंटला वाटतं की सगळे मेल नवे आहेत. एका सोमवारी सकाळी नऊ वाजता पन्नास आउटलुकांनी एकदम सगळा मेल पुन्हा उतरवायला घेतलेला मी पाहिलाय. दुपारपर्यंत कारखान्याचं इंटरनेट मेलं होतं, आणि पॉपवाल्यांकडे सगळे मेल दोनदा. म्हणून बॅकअपमध्ये ही फाइल हवीच. बाकीच्या इंडेक्स फाइली नसल्या तरी मेलडिरमध्ये चालतात, डव्हकॉट त्या पुन्हा बनवतो. एमडीबॉक्स या साठवणीच्या दुसऱ्या पद्धतीत मात्र उलट आहे, तिथे इंडेक्समध्येच महत्त्वाची माहिती असते. तुमचं मेलडिर आहे, सुटलात.

या पहिल्या प्रसंगासाठी आणखी एक फुकटचा उपाय आहे, तो आजच करा. डव्हकॉटचं लेझी-एक्सपंज प्लगिन. माणसाने मेल कायमचा काढला तरी तो ३० दिवस एका बाजूच्या फोल्डरमध्ये पडून राहतो, मग आपोआप जातो. हा फोल्डर प्रत्येकाच्या जागेच्या कोट्यात मोजू नका, एवढं सेटिंग जपून करा. पॉपने काढलेले मेलही यात अडकतात, म्हणजे वरच्या काकांनाही महिनाभराचं संरक्षण मिळतं. मी हे लावल्यापासून 'फोल्डर गेला' वाल्या फोनसाठी बॅकअप उघडायची वेळ क्वचितच येते.

दुसरा प्रसंग मशीन मरण्याचा. रेड-१ एका डिस्कच्या मरणापुरतं आहे. कंट्रोलर गेला, फाइल सिस्टिम बिघडली, पॉवर सप्लायने जाताना दोन्ही डिस्क नेल्या, तर रेड कामाचं नाही. इथे मालकांना विचारायचे प्रश्न दोन. मेल किती वेळ बंद चालेल? आणि शेवटच्या किती तासांचा मेल कायमचा गेला तर चालेल? बहुतेक मालक दोन्हींना 'शून्य' म्हणतात. मग शून्याची किंमत सांगायची, की आकडा खाली येतो.

मेलच्या बाबतीत लोकांना माहीत नसलेली एक सोय आहे. तुमचा सर्व्हर बंद असला तर येणारा मेल हरवत नाही. पाठवणारा सर्व्हर तो आपल्या रांगेत ठेवतो आणि पुन्हा पुन्हा प्रयत्न करतो. एसएमटीपी, म्हणजे मेल पोचवण्याच्या पद्धतीच्या नियमातच चार-पाच दिवस प्रयत्न करत राहा असं म्हटलंय, आणि पोस्टफिक्सचं मूळ सेटिंग ५ दिवसांचं आहे. म्हणजे शनिवारी मेलेला सर्व्हर सोमवारी उभा राहिला तरी मधला मेल येऊन पडतो. हरवतो तो मेल वेगळाच: रात्री दोनच्या बॅकअपनंतर आलेला आणि मशीन मरण्याआधी सर्व्हरने स्वीकारलेला. दुपारी चारला मशीन गेलं तर कामकाजाचा जवळजवळ पूर्ण दिवस. पाठवणाऱ्याच्या लेखी तो पोचलाय, तो पुन्हा पाठवणार नाही.

ही फट बुजवायला लोक रेप्लिकेशन घेतात. तुमचं दुसरं कोटेशन तेच. माझं मत: ८० मेलबॉक्सांसाठी त्यापेक्षा स्वस्त मार्ग आहे. पोस्टफिक्समध्ये 'ऑलवेज-बीसीसी' नावाचं एक सेटिंग आहे. आत येणाऱ्या आणि बाहेर जाणाऱ्या प्रत्येक मेलची एक प्रत एका ठरावीक पत्त्यावर जाते. तो पत्ता दुसऱ्या मशीनवर ठेवा, जुना डेस्कटॉपही चालेल. मशीन मेलं तर रात्री दोनपर्यंतचं बॅकअपमधून आणि त्यानंतरचं या पेटीतून. फोल्डरची मांडणी नसेल, पण मेल असेल. एक खाच आहे. तुम्ही स्पॅम गाळायला अमाविस वापरत असाल, तर मेल पोस्टफिक्समधून दोनदा फिरतो आणि प्रतही दोनदा पडते. एका फेरीत 'नो-ॲड्रेस-मॅपिंग्ज' हा पर्याय लावला की थांबते. आणि अशी प्रत ठेवतोय हे कर्मचाऱ्यांना लेखी कळवा. गुपचूप केलं की एक दिवस तेच प्रकरण होतं.

रेप्लिकेशनला मी नावं ठेवत नाही, पण त्याला बॅकअप म्हणू नका. इकडे उडालेला फोल्डर तिकडे काही सेकंदांत उडतो. फेब्रुवारी २०११ मध्ये जीमेलच्या एका सॉफ्टवेअर बदलातल्या चुकीमुळे सुमारे ०.०२ टक्के लोकांची खाती रिकामी दिसायला लागली. गूगलकडे वेगवेगळ्या डेटा सेंटरांत प्रती होत्या, पण त्या चुकीने सगळ्या प्रतींना गाठलं. शेवटी मेल परत आले ते टेपवरून, कारण टेप त्या सॉफ्टवेअरच्या आवाक्याबाहेर होती. गूगलला टेप लागली, तर आपण कोण.

मशीन पटकन उभं करायला इमेज बॅकअप, म्हणजे तुमचं पहिलं कोटेशन, खरंच उपयोगी. उबंटू, पोस्टफिक्स, डव्हकॉट, सर्टिफिकेटं सगळं एकदम परत येतं. तुमचा सर्व्हर थेट लोखंडावर (स्वतंत्र हार्डवेअरवर) आहे की व्हर्च्युअल मशीनमध्ये (एका यंत्रात सॉफ्टवेअरने बनवलेल्या दुसऱ्या यंत्रात), हे तुम्ही लिहिलेलं नाही. प्रॉक्समॉक्सवर (व्हर्च्युअल मशीन चालवणारी प्रणाली) असेल तर प्रॉक्समॉक्स बॅकअप सर्व्हर विनामूल्य आहे, फक्त बदललेले ब्लॉक नेतो आणि इमेजमधून एकेक फाइलही काढू देतो. मग वेगळं सॉफ्टवेअर विकत घ्यायचं कारण मला दिसत नाही. थेट लोखंडावर असेल तर माझा सल्ला, पुढच्या हार्डवेअर खरेदीच्या वेळी व्हर्च्युअलवर जा. तोवर इमेजसाठी लाखभर खर्च करू नका. सेटिंगच्या फाइली, पॅकेजची यादी आणि कोऱ्या मशीनवर सर्व्हर उभा करण्याचे टिपण असेल, तर माझ्यासारखा माणूस तीन तासांत पोस्टफिक्स-डव्हकॉट उभा करतो. वेळ जातो तो मेल ओतण्यात. ७०० जीबी म्हणजे तुमच्याकडे पन्नासेक लाख फाइली असतील. साध्या फिरत्या डिस्कवर सेकंदाला दीडशे फाइली उतरल्या तरी नऊ तासांच्या वर. म्हणून आधी रिकामे मेलबॉक्स चालू करून लोकांना पाठवू-घेऊ द्यायचं आणि जुना मेल मागून ओतायचा. पण याला एक अट आहे, ती पुढच्या गोष्टीत येते.

ही माझी स्वतःची चूक. सातपूरची एक कंपनी, मेलसाठी वेगळी डिस्क-जोडी, ती एका फोल्डरवर माउंट केलेली. माउंटच्या ओळीत मीच 'नोफेल' लिहिलं होतं, म्हणजे ती डिस्क दिसली नाही तरी सर्व्हर अडकू नये, पुढे चालू व्हावा. हुशारी. जूनमधल्या एका रात्री वीज गेली-आली, यूपीएसच्या बॅटऱ्या दमलेल्या, सर्व्हर बंद पडून चालू झाला. डिस्क-जोडी उठली नाही, पण सर्व्हर 'नोफेल'प्रमाणे निमूट पुढे गेला. मेलचा फोल्डर होता, फक्त रिकामा. रात्री दोनला आरसिंक उठला, 'डिलीट' पर्यायासकट. रिकाम्या फोल्डरची हुबेहूब प्रत त्याने नॅसवर करून ठेवली. आरसिंकला वाचताना चूक आली असती तर त्याने काढाकाढी थांबवली असती, पण रिकामा फोल्डर ही काही चूक नाही. कामगिरी यशस्वी, लॉगमध्ये सगळं हिरवं.

सकाळी साडेआठला फोन: "सर, इनबॉक्स कोरा दिसतोय." आणि इथे दुसरा घाव. ज्यांनी ज्यांनी आउटलुक उघडलं, त्यांच्या पीसीवरची आयमॅपची स्थानिक प्रतही सर्व्हरशी जुळवून घेत रिकामी झाली. मला हे कळेपर्यंत ऑफिसातले बहुतेक जण कामाला बसले होते. वाचले ते फिरतीवरचे सेल्सवाले. त्यांना फोन करून सांगितलं, लॅपटॉप उघडू नका, आणि उघडाल तर वायफाय बंद करून. त्यांच्या लॅपटॉपवरून पीएसटी काढून मेल परत चढवले. बाकीच्यांसाठी अकाउंट्सच्या कपाटात २३ दिवसांपूर्वीची एक यूएसबी डिस्क होती, जी मी कशासाठी तरी घेतली होती आणि विसरलो होतो. तेवीस दिवस गेले ते गेलेच.

तर अट अशी: सर्व्हर रिकामा उभा करायचा असेल तर आधी सगळ्यांची आउटलुक बंद करा, जमलं तर नेटवर्कपासून तोडा, आणि त्या स्थानिक प्रती बाजूला काढून घ्या. कित्येकदा तोच तुमचा शेवटचा बॅकअप असतो. आणि आजच्या आज, बॅकअपच्या स्क्रिप्टमध्ये पहिल्या ओळीला मेलचा फोल्डर खरंच माउंट आहे का ते तपासा. नसेल तर तिथेच थांबायचं. आरसिंक चालू ठेवणार असाल तर 'मॅक्स-डिलीट'ची (एका वेळी जास्तीत जास्त किती फाइली काढायच्या याची) मर्यादाही घाला.

तिसरा प्रसंग चोर, आग, पाणी आणि रॅन्समवेअर (फाइली कुलूपबंद करून खंडणी मागणारं सॉफ्टवेअर). तुमचा नॅस त्याच खोलीत, त्याच यूपीएसवर, आणि माझा अंदाज, सर्व्हरवर कायम माउंट केलेला. सर्व्हर ज्याच्या ताब्यात गेला त्याच्या ताब्यात बॅकअपही गेला. अमेरिकेतल्या व्हीएफईमेल या मेल पुरवठादाराचं फेब्रुवारी २०१९ मध्ये असंच झालं. घुसलेल्याने खंडणी मागितली नाही, सरळ सगळ्या डिस्क पुसल्या, बॅकअप सर्व्हरच्याही. ग्राहकांचा वर्षानुवर्षांचा मेल गेला.

म्हणून दोन गोष्टी. बोर्गचा बॅकअप वेगळ्या मशीनवर जाऊ द्या, आणि मेल सर्व्हरला तिथे 'फक्त भर घालता येईल' अशीच किल्ली द्या. बोर्ग आणि रेस्टिक दोन्हींत ही सोय आहे. जुने बॅकअप छाटायचं काम त्या मशीनवरूनच, वेगळ्या पासवर्डने. दुसरी गोष्ट, दोन यूएसबी डिस्क. आठवड्याला एक लावायची, प्रत घ्यायची, काढायची आणि मालकांच्या घरी पाठवायची. दुसरी परत आणायची. डिस्क एन्क्रिप्ट केलेली (किल्लीशिवाय न उघडणारी) हवी, कारण ती रिक्षात विसरली जाणार आहे कधीतरी. पण तिची किल्ली त्याच सर्व्हरवर ठेवू नका. कागदावर छापून पाकिटात, मालकांच्या तिजोरीत. तीन प्रती, दोन प्रकारची साधनं, एक प्रत दुसऱ्या जागी, हा ३-२-१ चा नियम पीटर क्रोग या छायाचित्रकाराने आपल्या फोटोंसाठी रूढ केला. आपण त्यात 'एक प्रत तारेपासून सुटी' एवढं जोडू.

क्लाउडचं तिसरं कोटेशन याच प्रसंगासाठी आहे आणि तत्त्वतः चांगलं आहे. पण गणित करून बघा. अपलोड खरोखर ५० एमबीपीएस मिळत असेल तर ७०० जीबी पहिल्यांदा चढायला ३१ तास. ते एकवेळ परवडतं. परत आणताना तोच हिशोब उलटा, आणि तेव्हा मालक डोक्यावर उभे असतात. शिवाय काही ठिकाणी डेटा बाहेर काढायचे पैसे वेगळे लागतात, ते कोटेशनच्या शेवटच्या पानावर बघा. माझं म्हणणं, आधी यूएसबी डिस्कचा क्रम बसवा. सहा महिने तो न चुकता पाळला गेला, तर क्लाउडची फारशी गरज नाही. नाही पाळला गेला, आणि बहुधा नाही पाळला जाणार कारण तो शिपायाच्या रजेवर अवलंबून असतो, तर क्लाउड घ्या.

"मग सगळंच मायक्रोसॉफ्टकडे नाहीतर गूगलकडे नेऊ," असं मालक म्हणतील. न्या, वाईट नाही. पण तिथेही मायक्रोसॉफ्टमध्ये कायमचे काढलेले मेल मूळ सेटिंगला १४ दिवस परत मिळतात, वाढवून ३०. गूगलमध्ये ट्रॅशमधून गेल्यावर ॲडमिनला २५ दिवस. ऑडिटर त्यानंतर येतो.

मेलच्या फाइलींखेरीज काय काय लागतं, ते परत आणताना कळतं आणि तेव्हा उशीर झालेला असतो. पोस्टफिक्स आणि डव्हकॉटचे सेटिंग फोल्डर, यूजर आणि पासवर्डचा डेटाबेस, लोकांनी लावलेले सिव्हचे (मेल आपोआप फोल्डरमध्ये लावण्याचे) नियम, डीकेआयएमची (जाणाऱ्या मेलवर तुमची सही करणारी) खाजगी किल्ली. ही शेवटची नसेल तर नवी बनवून डीएनएस (डोमेनची सार्वजनिक नोंद) बदलावा लागतो, आणि तोवर तुमचे मेल स्पॅममध्ये. राउंडक्यूब वेबमेल वापरत असाल तर लोकांची ॲड्रेसबुकं त्याच्या डेटाबेसमध्ये आहेत, मेलडिरमध्ये नाहीत. आणि लॉग. उबंटूवर मेलचा लॉग मूळ सेटिंगला चार आठवड्यांनी पुसला जातो. केंद्र सरकारच्या सर्ट-इन या सायबर सुरक्षा संस्थेच्या २८ एप्रिल २०२२ च्या आदेशानुसार लॉग १८० दिवस भारतात ठेवायचे आहेत. बनावट मेल पाठवून बँक खातं बदलल्याचं सांगायचं आणि पेमेंट वळवायचं, हे प्रकार आता आपल्या पट्ट्यातही होतात. तेव्हा पोलीस पहिल्यांदा लॉग मागतात.

पुराव्याचा विषय निघालाय तर एवढंच: बॅकअप आणि आर्काइव्ह वेगळे. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ नुसार इलेक्ट्रॉनिक नोंद कोर्टात देताना प्रमाणपत्र लागतं आणि त्यात हॅशचा आकडा (फाइलच्या मजकुरावरून निघणारा तिचा ठसा) द्यावा लागतो. वरची ऑलवेज-बीसीसीची पेटी इथे कामाला येते, कारण तिच्यात मेल जसा आला तसा, कुणाचा हात न लागता पडलेला असतो. किती वर्षं ठेवायचा ते तुमच्या सीए आणि वकिलांना विचारून ठरवा, मी त्यात पडत नाही.

आता तपासणी. बॅकअप चालला नाही तर मेल येईल, अशी व्यवस्था सगळे करतात. तो मेल कुठल्या सर्व्हरवर येणार, हे कुणी विचारत नाही. गिटलॅब या कंपनीत ३१ जानेवारी २०१७ ला एका इंजिनिअरने चुकून चालू डेटाबेस पुसला. डेटाबेसचा रोजचा बॅकअप आवृत्ती न जुळल्यामुळे आधीपासूनच फसत होता, आणि तसं सांगणारे मेल डीएमएआरसीच्या (बनावट मेल रोखणाऱ्या) नियमात अडकून नाकारले जात होते. कुणालाच पत्ता नाही. कुणीतरी दुसऱ्याच कामासाठी सहा तास आधी हाताने घेतलेल्या स्नॅपशॉटने (त्या क्षणाच्या प्रतीने) त्यांना तारलं. म्हणून निरोप बिघाडाचा नको, यशाचा हवा, आणि तो मेलवर नको. मी रोज सकाळी मोबाइलवर एक ओळ मागवतो: किती फाइली, किती जीबी, किती मिनिटं. ओळ आली नाही की बघायचं. आकडा अचानक निम्मा झाला तरी बघायचं, सातपूरला मी तोच बघितला असता तर. मध्येच एक-दोन फाइली गायब झाल्याची आरसिंकची २४ क्रमांकाची सूचना आली तर घाबरू नका. कुणीतरी रात्री दोनला मेल वाचला आणि फाइलचं नाव बदललं, इतकंच. तेही नको असेल तर आधी एलव्हीएम (लिनक्सची डिस्क-व्यवस्था) स्नॅपशॉट घ्या आणि त्यावरून बॅकअप काढा.

आणि महिन्यातून एकदा, चिठ्ठी टाकून एक मेलबॉक्स निवडा आणि तो वेगळ्या मशीनवर खरोखर परत आणा. फोल्डरवार मेलची संख्या डव्हॲडमने मोजून चालू सर्व्हरशी ताडून बघा. घड्याळ लावून. मालकांनी "किती वेळात चालू होईल" विचारलं की सांगायला तुमच्याकडे मोजलेला आकडा असेल.

तुमच्याकडे मायक्रोसॉफ्टचा एक्स्चेंज सर्व्हर असता तर हे उत्तर बरंच वेगळं झालं असतं. तिथे व्हीएसएस (विंडोजची स्नॅपशॉटची सोय) जाणणाराच बॅकअप लागतो, नाहीतर ट्रॅन्झॅक्शन लॉग छाटले जात नाहीत आणि एक दिवस डिस्क भरून मेल थांबतो. झिंब्रा हा मेल सर्व्हर असता तर मेलच्या फाइली, मारियाडीबी डेटाबेस आणि एलडॅप (यूजरची यादी) तिन्ही एकाच क्षणाचे हवेत, नुसत्या फाइली उचलून भागत नाही. मेलडिर या बाबतीत गरीब गाय आहे. प्रत्येक मेल आधी बाजूला पूर्ण लिहून मग फोल्डरमध्ये येतो, त्यामुळे अर्धवट फाइल बॅकअपमध्ये सापडत नाही.

तुमच्या जागी मी असतो तर या आठवड्यात एक रुपया खर्च न करता माउंटची तपासणी, लेझी-एक्सपंज आणि पॉपवाल्यांची यादी एवढं उरकलं असतं. पुढच्या महिन्यात चार-सहा टीबीची डिस्क घातलेला एक जुना पीसी दुसऱ्या इमारतीत, निदान दुसऱ्या मजल्यावर, त्यावर बोर्ग आणि बीसीसीची पेटी. १४ रोजचे, ८ आठवड्यांचे, १२ महिन्यांचे बॅकअप ठेवले असते. दोन यूएसबी डिस्क. तिन्ही कोटेशनवाल्यांना सध्या थांबा म्हटलं असतं.

पॉपवाल्यांची संख्या आणि सर्व्हर व्हर्च्युअल आहे की नाही, हे दोन्ही कळवा. ऐंशीपैकी तीसहून जास्त जण पॉपवर निघाले, तर बॅकअपच्या पीसीआधी सर्व्हरची डिस्क वाढवावी लागेल आणि वरचा क्रम बदलेल.